वनाची राखण आणि गावाची वही



पेढीवर बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट लहानपणीच शिकविली जाते. मुद्दल वेगळे आणि व्याज वेगळे. व्याजावर घर चालवावे, मुद्दलाला हात लावू नये. ज्याने मुद्दल खाल्ले त्याची पेढी आज ना उद्या बसते, मग बाहेरची पाटी कितीही मोठी असो. वन हेही असेच एक मुद्दल आहे. दरवर्षी वाढणारे लाकूड, बांबू, पाने, फळे, मोहफुले हे त्याचे व्याज. मात्र पेढीचा मालक कोण हे ठाऊक असते. वनाचा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात दीडशे वर्षे वादात आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे: वनाच्या राखणीत गावाचा वाटा असावा काय, आणि असल्यास त्याबद्दल अभ्यासकांना प्रत्यक्ष काय आढळले.

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाचा एक निबंध फार गाजला. सामायिक कुरणात प्रत्येक गुराखी आपले एक गुरू अधिक सोडतो, कारण लाभ त्याचा एकट्याचा आणि हानी सर्वांची. शेवटी कुरण उजाड होते, असा त्याचा युक्तिवाद होता. आपल्याकडे बारभाईची खेती म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. यावरून जगभरच्या शासनांनी सोयीचा निष्कर्ष काढला की सामायिक मालमत्ता एक तर सरकारने ताब्यात घ्यावी, नाही तर खासगी मालकाला द्यावी. तिसरा मार्ग नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने मात्र तर्क करीत बसण्याऐवजी प्रत्यक्ष गावे पाहिली व इतरांनी पाहिलेल्या गावांच्या नोंदी गोळा केल्या. १९९० साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात स्वित्झर्लंडमधील टोर्बेल या डोंगरी गावाचा दाखला आहे. तेथे १५१७ सालापासून एक नियम लिहिलेला आहे: हिवाळ्यात ज्याला जितक्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तितक्याच त्याने उन्हाळ्यात गावच्या कुरणावर सोडाव्यात. किती साधा नियम! गाई मोजण्यास कोणी अधिकारी नको. ज्याच्या गोठ्यात किती गाई हिवाळा काढतात हे शेजाऱ्याला दिसतेच. इंधनाच्या झाडांचेही तसेच. तोडीची झाडे आधी खुणावली जातात, कुटुंबांचे गट मिळून लाकडाचे सारखे ढीग रचतात आणि मग चिठ्ठ्या टाकून कोणता ढीग कोणाचा हे ठरते. ढीग रचताना आपल्या वाट्याला कोणता येईल हे ठाऊक नसल्याने कोणीही लहान-मोठा रचीत नाही. भागीदारीचे व्यवहार पाहिलेल्या माणसाला यातील शहाणपण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांचे म्हणणे इतकेच होते की हार्डिन यांचे कुरण हे मोकाट कुरण होते. गावाचे कुरण मोकाट नसते, त्याला नियम असतात, आणि नियम करणारे लोक एकमेकांना ओळखत असतात.

आपल्या महाराष्ट्राला हे नवे नाही. प्रा. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या नावाने राखलेल्या या रायांतून वाळलेली काटकीही नेली जात नसे. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावची देवराई तोडली जाऊ नये म्हणून गावकऱ्यांनीच या अभ्यासकांकडे धाव घेतली, आणि कारण विचारता सांगितले की गावाचा झरा त्या राईतून येतो. म्हणजे श्रद्धा होती, आणि श्रद्धेच्या मुळाशी पाणीही होते.

इंग्रजी अमलात १८७८ व पुढे १९२७ च्या कायद्याने देशातील बहुतेक वने सरकारी झाली. गावकरी हा तेव्हापासून वनाचा शेजारी न राहता वनाचा चोर ठरला. स्वातंत्र्यानंतरही खाते तेच, कायदा तोच. पहिला वेगळा प्रयोग घडला तो १९७२ साली, पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर जिल्ह्यात, अराबारी येथे. अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यांनी अकरा गावांतील ६१८ कुटुंबांशी करार केला: तुम्ही सालाचे वन राखा, राखणीच्या कामात मजुरी घ्या, आणि पुढे उत्पन्न होईल त्यात वाटा घ्या. बुंध्यापर्यंत तोडले गेलेले साल पुन्हा फुटले आणि वाढले. पुढे शासनाने निव्वळ उत्पन्नाचा २५ टक्के वाटा मान्य केला. याच अनुभवावर १ जून १९९० रोजी केंद्र सरकारने संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक काढले. गावोगावी समित्या झाल्या. अनेक ठिकाणी त्या कागदावरच राहिल्या हेही मान्य केले पाहिजे, कारण ज्या भागीदाराला वही पाहण्याचा अधिकार नाही तो भागीदार नव्हे, तो नोकरच.

आता गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाकडे वळू. धानोरा तालुक्यातील हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव. लोकसंख्या पाचशेच्या आसपास, आणि भोवती सुमारे १,८०० हेक्टर वन. १९८० च्या दशकात भोपालपट्टणम व इंचमपल्ली या प्रस्तावित धरणांविरुद्ध त्या भागात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. बाबा आमटे, लालशाम शाह यांच्यासारखी माणसे त्यात होती. धरणे थांबली, पण मेंढा गावातील लोक घरी परतले ते एक प्रश्न घेऊन: वन वाचविले खरे, आता ते सांभाळणार कोण? चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल त्याच सुमारास लोकसहभागाने वनाची राखण कशी होते याचा अभ्यास करीत होते आणि सर्वसहमतीने निर्णय घेणारे गाव शोधीत होते. गावचे देवाजी तोफा आणि मोहनभाई यांची गाठ पडली ती अशी. मोहनभाईंचे २०२५ साली निधन झाले. त्यांनी सर्वेक्षणाचे कागद भरून नेले नाहीत. गावाने स्वतःच स्वतःचा अभ्यास करावा असा त्यांचा आग्रह होता.

त्यातून ‘अभ्यासगट’ जन्मास आला. गावातील स्त्री-पुरुष एखाद्या विषयावर एकत्र बसतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावितात, प्रश्न विचारतात, वाद घालतात. परंतु तेथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वांच्या संमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. बहुमताच्या सवयीने वाढलेल्या माणसाला हे कंटाळवाणे वाटेल. मात्र बहुमताने हरलेला माणूस रात्री कुऱ्हाड घेऊन वनात गेला तर त्याला अडविणार कोण? सर्वांनी मिळून केलेला नियम मोडण्यास माणूस कचरतो. ग्रामसभेने ठरविले की घरगुती गरजेपुरतेच वनातून घ्यावे, बाहेरच्याने ग्रामसभेच्या परवानगीविना काही नेऊ नये, वनाला आग लावू नये, वनजमिनीवर अतिक्रमण करू नये. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. बांबू कागद कारखान्याला भाडेपट्ट्याने दिला जात असे, त्यालाही गावाने विरोध केला. संयुक्त वनव्यवस्थापन मुळात उजाड वनांसाठी होते. या गावाने उभ्या वनासाठी ते मागितले आणि मिळविले. पुण्याच्या ‘कल्पवृक्ष’ संस्थेच्या नीमा पाठक व विवेक गौर-ब्रूम यांनी २००१ साली या सर्वांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य मिळवून वाचावा.

अभ्यासगटाचा एक विषय येथे मुद्दाम सांगण्यासारखा आहे. आग्या मोहोळाचा मध काढावयाचा तर रात्री खाली जाळ करून माशा जाळावयाच्या आणि सगळेच पोळे कापून आणावयाचे, ही जुनी रीत. असंख्य जीव एका पोळ्यापायी जातात. शिवाय पोळ्यातील पिल्लेही नष्ट होतात. गावातील काहींनी अहिंसक पद्धत शिकून घेतली. अंगभर संरक्षक पोशाख घालावयाचा, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापावयाचा आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवावयाचा. माशा मरत नाहीत, पोळे पुन्हा भरते आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. आपल्या समाजात मध वर्ज्यच आहे आणि तो तसाच राहील. तरीही ज्यांच्या उपजीविकेचा तो भाग आहे त्यांनी कोणाच्या उपदेशावाचून, आपसांत चर्चा करून हिंसा कमी करण्याचा मार्ग शोधावा, ही गोष्ट या सभागृहाने कौतुकाने ऐकावी अशीच आहे.

वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला व ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. २००९ साली मेंढा आणि शेजारच्या मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला; देशातील हे अगदी पहिले सामूहिक हक्क. परंतु हक्काचा कागद हाती येऊनही बांबू विकता येईना. मालाची वाहतूक करावयाची तर वाहतूक परवाना हवा, आणि परवाना देणार वनखाते. खात्याचे म्हणणे असे की बांबू हे झाड आहे, त्यामुळे तो गौण वनोपज नव्हे. कायद्यात तर बांबूचा गौण वनोपजात स्पष्ट उल्लेख आहे! दुकानाची मालकी तुमची, पण ताग्यावर छाप आमची असल्याशिवाय दाराबाहेर माल जाणार नाही, असा हा प्रकार. गाव वर्ष-दीड वर्ष चिकाटीने भांडले, तेही कायद्याचे पुस्तक हाती घेऊन. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढा गावी आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक देवाजी तोफा यांच्या हाती देण्यात आले. पुढे ग्रामसभेने रीतसर निविदा काढून बांबू विकला, आयकर खात्याकडून पॅन क्रमांक घेतला, हिशेबाच्या वह्या ठेवल्या. ज्यांना चोर म्हटले गेले त्यांनी पॅन काढून व्यवहार केला, याची नोंद व्यापारी समाजाने तरी घ्यावी. २०१३ साली तर या गावाने विनोबांच्या मार्गाने आपली शेतजमीनही ग्रामदानात देण्याचे ठरविले.

हे सर्व ऐकून ‘गावाच्या हाती दिले की झाले’ असा समज कोणी करून घेऊ नये. अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांनी गुजरात व नेपाळमधील १३५ वनगटांचा अभ्यास करून २०१० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना अनेक ठिकाणी असे दिसले की वन बंद करण्याचा ठराव पुरुषांनी केला आणि जळणासाठी दोन कोस अधिक चालण्याची वेळ मात्र बायकांवर आली. समितीत नाव आहे, पण सभेची वेळ स्वयंपाकाची. सभेला गेलीच तर बसायला जागा मागे, आणि बोललीच तर ऐकतो कोण! नियम करताना जिला विचारले नाही तिच्याकडून तो पाळला जाण्याची अपेक्षा कशी ठेवावी? उलट जेथे कार्यकारी समितीत स्त्रियांची संख्या पुरेशी होती, तेथे वनाची स्थिती अधिक सुधारल्याचे त्यांना आढळले. धार्मिक व सामाजिक संस्थांच्या कार्यकारिणीत किती भगिनी आहेत, हा प्रश्न येथे विषयांतर ठरेल. तरी तो मनात येतो खरा.

शेवटी चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावविषयी. गोंडपिपरी तालुक्यातील या गावाला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूपासून ग्रामसभेला चांगले उत्पन्न होऊ लागले, स्थलांतर थांबले. तेंदूपानांचाही हक्क मिळाला होता, आणि तेंदू म्हणजे उन्हाळ्यातील रोख पैसा. परंतु चांगले पान यावे म्हणून झाडे छाटावी लागतात, वनाला आगी लावल्या जातात, आणि छाटलेल्या झाडाला फळ धरत नाही. ग्रामसभेने विचार करून तेंदूपाने तोडणे बंद केले. समोर दिसणारे उत्पन्न त्यांनी आपणहून सोडले. शिवाय आपल्या वनातील ३४ हेक्टर भाग त्यांनी काहीही न घेण्यासाठी राखून ठेवला आहे. तेंदूची फळे आता झाडावर पिकतात. गावकरी ती खातात, आणि उरलेली बाजारात नेऊन विकतातही.