यंत्राचे गुण आणि मास्तरांचा शेरा



मुलांचे लेखन यंत्राने तपासावे काय, हा आजचा विषय. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथून सकाळच्या लोकलने कॉलेजला जाणारी मुले घरोघरी आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एलिस पेज यांनी 1966 साली संगणकाकडून निबंध तपासून घेण्याचा विचार मांडला. त्यांच्या यंत्राला अर्थ कळत नव्हता. ते निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, स्वल्पविराम असल्या खुणा मोजी. तरीही त्याचे गुण परीक्षकांच्या गुणांच्या जवळपास येत! पुढे 2014 साली लेस पेरलमन या अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने भारदस्त शब्दांचे निरर्थक निबंध रचणारा प्रोग्राम केला, आणि तपासणीच्या यंत्राने त्या निबंधांना उत्तम गुण दिले. आजची यंत्रे पुष्कळ पुढे गेली आहेत. ती कारणासह शेरा लिहितात. परंतु चुकतात तेव्हाही तितक्याच ठामपणे लिहितात.

आपल्याकडचा अनुभवही विसरता येणार नाही. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली. गुण प्राध्यापकच देत होते, कागदाच्या जागी पडदा आला एवढेच. तेवढ्यानेही 31 जुलैची मुदत टळली, निकाल रखडले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पण ज्यांचे पुढचे प्रवेश अडले, त्या मुलांचे दिवस कोण परत देणार?

म्हणून यंत्र नकोच, असे आम्ही म्हणत नाही. गुण आणि शेरा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढेच आमचे सांगणे. साठ वह्यांच्या ढिगाखाली मास्तरांचा शेरा ‘बरे आहे’ एवढ्यावर येतो, आणि तोही महिन्याने. ज्याच्या घरी शिकवणारे कोणी नाही, त्या मुलाला रात्री दहा वाजता ‘तिसऱ्या पायरीवर गणित चुकले’ असे यंत्राने सांगितले, तर तो मोठाच आधार आहे. कच्चा मसुदा यंत्राने खुशाल तपासावा.

अखेरचे गुण मात्र माणसाने द्यावेत. घरी सिंधी, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी अशी वाट चालून आलेल्या मुलाचे वाक्य अडखळते, पण विचार सरळ असू शकतो. हे त्याला ओळखणारा शिक्षकच जाणतो.

तेव्हा पालकांनी तीन गोष्टी मागाव्यात. यंत्र वापरणार असल्यास आधी सांगावे. गुणांखाली शिक्षकाची सही असावी. आणि शंका आल्यास माणसाकडून फेरतपासणी व्हावी. पालकसभेत आपण टक्केवारी विचारतो. यापुढे हेही विचारू या: हे गुण दिले कोणी?