गुदमरणे म्हणजे काय?
(वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही बँकेत कारकून, शिक्षण कला शाखेचे. विज्ञानावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु मे 2023 मध्ये आपल्याच परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा शिवारात, शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. ‘गुदमरून मृत्यू’ एवढे वाचून आपण पान उलटतो. गुदमरणे म्हणजे नेमके काय, हे कळावे म्हणून आम्ही मुलांची दहावीची पुस्तके उघडली. त्यातून आणि जाणकारांना विचारून जे उमगले, ते आपणापुढे ठेवीत आहोत.

आपण श्वास नाकाने घेतो, परंतु त्याचे खरे काम चालते ते पेशीत. सकाळी खाल्लेल्या ज्वारीच्या भाकरीचे पोटात ग्लुकोज होते आणि ते रक्तावाटे पेशीत पोहोचते. तेथे प्रथम त्याचे दोन तुकडे होतात. मग तंतुकणिका नावाचे अतिसूक्ष्म भाग प्राणवायूच्या साहाय्याने त्यातील ऊर्जा टप्प्याटप्प्याने मोकळी करतात. मागे कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. ही ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत साठते. आमच्या बँकेच्या भाषेत भाकरी ही मुदत ठेव, तर एटीपी म्हणजे खिशातले सुटे पैसे. पेशीचा रोजचा खर्च या सुट्या पैशांतूनच चालतो. प्राणवायू असला तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे 30 ते 32 एटीपी मिळतात. नसला तर केवळ 2. एवढ्यावर स्नायू थोडा वेळ तग धरतात, मेंदू धरू शकत नाही. काही मिनिटांतच त्याच्या पेशी मरू लागतात.

आता बंद टाकीचे पाहू. तेथील जिवाणूंनाही ऊर्जा लागतेच. प्राणवायू संपला की त्यावाचून जगणारे जिवाणू वाढतात आणि मिथेन, हायड्रोजन सल्फाइड असे वायू तयार होतात. गाळ ढवळला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम बाहेर पडतो. हा वायू तंतुकणिकेतील प्राणवायू वापरणारी यंत्रणाच बंद पाडतो. म्हणजे रक्तात प्राणवायू असूनही पेशी उपाशी! सडक्या अंड्यासारखा वास ही त्याची खूण. परंतु प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. म्हणून वास गेला म्हणजे धोका टळला, असे समजू नये. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हा वायू अडत नाही.

बंधूंनो, ही कामे पिढ्यान्पिढ्या कोणाच्या वाट्याला आली, हे या सभागृहात सांगावयास नको. संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत उतरविणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. परंतु पैशाने माणूस परत येत नाही.

म्हणून आमची हात जोडून विनंती आहे. आपल्या घरची टाकी उपसावयाची तर यंत्राची गाडीच बोलवा. मजुरीसाठी कोणी उतरण्यास सांगितले तर स्पष्ट नकार द्या. आत कोणी पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. वाचवावयास गेलेलाही तेथेच राहतो. 112 किंवा अग्निशमन दलाच्या 101 क्रमांकावर ताबडतोब फोन करा.