शेळ्यांची बुळकांडी

बुळकांडी हा शब्द कानी पडला की एके काळी शेतकऱ्याच्या काळजात धस्स होई. ज्या गोठ्यात ती शिरे, तो गोठा रिकामा करूनच बाहेर पडे. गाईबैलांच्या या रोगाचे २०११ साली जगातून उच्चाटन झाले. परंतु तिची धाकटी बहीण शेळ्यामेंढ्यांच्या कळपांत अजून वावरत आहे. पशुवैद्य तिला ‘पीपीआर’ म्हणतात.

१९४२ साली पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये तिचे प्रथम वर्णन झाले. भारतात ती १९८७ साली तामिळनाडूतील अरसूर या खेड्यात ओळखली गेली. तोवर शेळ्यांत अशी लक्षणे दिसली की ती थोरलीच्या नावावर मांडली जात. प्रथम ताप चढतो, डोळ्यांना व नाकाला पाणी सुटते. पुढे तो स्राव घट्ट होऊन नाकपुड्या बुजतात, तोंडात व्रण पडतात, हगवण लागते. मग रोग फुफ्फुसांत उतरतो आणि जनावर खोकत, धापा टाकीत मान टाकते. खोकल्याच्या तुषारांतून विषाणू शेजारच्या जनावराच्या श्वासात जातो. म्हणूनच बाजारातून आणलेली एक शेळी सारा कळप बुडवू शकते.

आणि कळप बुडाला म्हणजे काय बुडते? शेळी ही भूमिहीनाची पेढी होय. मुलाची पुस्तके, म्हातारीचे औषध, मुलीचे लग्न, यांसाठी तिच्या दावणीतून एकेक करडू सुटते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८८ लक्ष शेळ्या होत्या. त्यांतील कितीतरी अशाच घरांच्या.

या रोगावर औषध नाही. पण लस आहे. हिमाचल प्रदेशातील सुंग्री येथील विषाणूपासून मुक्तेश्वरच्या संशोधकांनी ती सिद्ध केली. एकच टोचणी काही वर्षे पुरते. २०१० साली महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आदी राज्यांत लसीकरणाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. अडचणी मात्र साध्याच आहेत. लस थंड राखावी लागते. वाडीपर्यंत बर्फ पोहोचेलच असे नाही. करडे सतत जन्मतात, त्यामुळे टोचलेल्या कळपात लवकरच न टोचलेली जनावरे वाढतात. धनगरांचे वाडे तर पावसाळा सरताच माणदेशाकडून कोकणात उतरतात. त्यांना वाटेतच गाठावे लागते.

२०३० पर्यंत हा रोगही जगातून नाहीसा करण्याचा राष्ट्रांचा संकल्प आहे. त्यातला शेळीवाल्याचा वाटा लहान, पण मोलाचा आहे: नवे जनावर तीन आठवडे निराळे बांधावे, आजारी शेळी बाजारात विकू नये आणि करडू तीनचार महिन्यांचे होताच त्याला टोचून घ्यावे.