आडनांवांतलें गांव

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या गंगापूर तालुक्यांत वाळूज नांवाचें गांव आहे. तेथील चावडीपाशीं उभें राहून कोणी ‘अहो वाळूजकर’ अशी हांक मारली, तर ओ कोणीं द्यावी? सारें गांवच वाळूजकर! जें नांव सर्वांना लागू पडतें, त्यानें एकाचीहि ओळख पटत नाहीं. परंतु तोच ग्रामस्थ पोटापाण्यासाठीं पुण्यास गेला, म्हणजे शेजारी विचारतात, ‘आपण कोठले?’ या प्रश्नाच्या उत्तरांतूनच आडनांव जन्मास येतें. ‘कर’ हा प्रत्यय बहुधा गांवीं राहिल्याची नव्हे, तर गांव सोडल्याची खूण असतो.

मल्हारराव होळकरांचें घराणें नीरेकांठच्या होळ गांवचें. मल्हाररावांचें बाळपण मात्र खानदेशांत तळोदें येथें मामाच्या घरीं गेलें, आणि राज्य उभें राहिलें माळव्यांत. इंदुरास राजधानी झाली तरी नांवांत होळच राहिलें.

इंग्रजांतहि हाच प्रकार दिसतो. डरहॅम परगण्यांतील वॉशिंग्टन या गांवावरून एका घराण्याचें आडनांव पडलें. त्याच घराण्यांतील जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नांवानें पुढें अमेरिकेची राजधानी वसली. गांवाचें आडनांव झालें आणि आडनांवाचें शहर!

मात्र असल्या आडनांवावरून कुळाचा किंवा जातीचा निवाडा करूं पाहणें व्यर्थ होय. वाळूज गांव सोलापूर जिल्ह्यांतहि आहे. तेव्हां दोन वाळूजकर एकाच गांवचे असतील असेंहि नाहीं. शिवाय एकाच गांवांतून पुरोहित निघतो, सुतार निघतो आणि शेतमजूरहि निघतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घराण्याचें मूळ आडनांव सकपाळ, आणि गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे. १९०० सालीं ते साताऱ्याच्या शाळेंत दाखल झाले. तेथें आंबेडकर आडनांवाचे एक ब्राह्मण शिक्षकहि होते. अस्पृश्य म्हणून वेगळा बसविलेला विद्यार्थी आणि त्याचे शिक्षक यांचें आडनांव एकच! माणसांनीं घातलेली भिंत आडनांवानें मानली नाहीं.

आडनांव कधीं कधीं गांवाच्या नांवापेक्षांहि चिवट ठरतें. मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेली खडकी औरंगजेबाच्या सुभेदारींत औरंगाबाद झाली, आणि २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर. परंतु औरंगाबादकर हें आडनांव लावणारीं कुटुंबें आजहि तेंच लावतात.

आतां वाळूजकडे पुन्हां वळलें असतां उलटा ओघ दिसतो. १९८५ सालीं तेथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. औद्योगिक वसाहत वाढली आणि दूरदूरचीं माणसें कामास आलीं. पूर्वींचा काळ असता, तर त्यांना आपापल्या गांवाचें नवें आडनांव मिळालें असतें. परंतु शाळेचा दाखला आणि सरकारी दप्तर यांनीं आडनांवें कायमचीं बांधून टाकलीं आहेत. त्यामुळें आजोबा-पणजोबांचें स्थलांतर नांवांत जपलें जातें, आणि ज्यानें स्वतः गांव सोडलें, त्याच्या गांवाची नोंद मात्र नांवांत होत नाहीं. ती घरांतल्या बोलण्यांतूनच मुलांपर्यंत पोंचावयाची. म्हणूनच ‘आपण कोठले?’ हा जुना प्रश्न घरोघर विचारला जाणें आज अधिक अगत्याचें आहे.