नोंदलेल्या दस्तांतील चुका

(नभोवाणीवर केलेलें भाषण)

श्रोतेहो, घर घेणाऱ्या माणसानें खरेदीखतावर सही केली, अंगठ्याचा ठसा दिला आणि दस्त एकदांचा नोंदला गेला, कीं तो कागद कपाटाच्या अगदीं आंतल्या खणांत जाऊन बसतो. पुढें वीस वीस वर्षें त्याचें कोणी तोंडहि पाहत नाहीं. मग मुलाच्या शिक्षणासाठीं कर्ज काढण्याचा अगर तेंच घर विकण्याचा प्रसंग येतो. बँकेचा वकील दस्त वाचतो आणि म्हणतो, "आपण राहतां तो गाळा पांच नंबरचा, दस्तांत तर तीन नंबर लिहिला आहे." तोंवर विकणारा गृहस्थ परलोकवासी झालेला असतो. त्याचा एक मुलगा नागपुरास, दुसरा परदेशीं. ज्या चुकीच्या दुरुस्तीस त्या वेळीं एक दुपार पुरली असती, तिच्यापायीं आतां कोर्टाची पायरी चढण्याची पाळी येते. मला आज सांगावयाचें आहे तें एवढेंच, कीं नोंदलेल्या दस्तांतील चूक दुरुस्त होऊं शकते. परंतु सह्या करणारे हयात आहेत आणि त्यांचीं मनें निर्मळ आहेत, तोंवरच ती दुरुस्त करून घेण्यांत शहाणपण आहे.

मीं जन्मभर शाळेंत मुलांच्या वह्या तपासल्या. वहींतील चुकीचा शब्द तांबड्या शाईनें खोडून वर बरोबर शब्द लिहिला, म्हणजे काम भागतें. दस्ताचें तसें नाहीं. सन १९०८ च्या नोंदणी कायद्याखालीं नोंदलेला दस्त ही सर्व लोकांस दिलेली एक प्रकारची जाहीर सूचना असते, व त्याची नक्कल सरकारी दप्तरांत राहते. म्हणून नोंदणीनंतर त्याच्या मजकुरावर लेखणी चालविण्याचा अधिकार विकणारास नाहीं, घेणारास नाहीं, आणि दुय्यम निबंधकासहि नाहीं. आपल्या जवळच्या प्रतीवर कोणी खाडाखोड केली, तर चूक सुधारत नाहींच. चांगल्या दस्ताविषयीं संशय मात्र उत्पन्न होतो. जुना दस्त जसाचा तसा ठेवून त्याच्या जोडीस दुसरा दस्त करावयाचा, हीच दुरुस्तीची रीत. त्या दुसऱ्या दस्तास चूकदुरुस्तीपत्र म्हणतात.

परंतु प्रथम चूक कोठें आहे तें नीट ओळखावें; कारण तीन ठिकाणच्या चुकांचे वैद्य तीन आहेत. पहिली चूक दस्ताच्याच मजकुरांतील. म्हणजे नांवांत, गट नंबरांत, क्षेत्रांत किंवा चतुःसीमांत झालेली. हिचें औषध चूकदुरुस्तीपत्र. दुसरी चूक नोंदणी कार्यालयाच्या सूचींतील. दस्त बरोबर असतो. पण सूची क्रमांक दोन, जिला लोक इंडेक्स टू म्हणतात, तींत एखादा आंकडा चुकीचा उतरलेला असतो. अशा वेळीं नवा दस्त करण्याची घाई न करतां दस्ताची प्रत जोडून त्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा. तिसरी चूक सातबाऱ्यावरील. दस्त शुद्ध असून फेरफार लिहितांना चूक झाली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या १५५ व्या कलमान्वयें लेखनप्रमाद व संबंधित पक्षांस मान्य असलेल्या चुका महसूल अधिकाऱ्यांकडून दुरुस्त होतात. शहरांतील मालमत्तापत्रकासाठीं नगरभूमापन कार्यालयाकडे जावें लागतें. पहिला रोग तिसऱ्या वैद्याकडे नेणारे लोक पुष्कळ आढळतात. त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें, कीं सातबारा सुधारला म्हणून दस्त सुधारत नाहीं.

आतां चूकदुरुस्तीपत्रांत काय असावें? मूळ दस्ताचा प्रकार, तारीख, नोंदणीचा अनुक्रमांक व कार्यालय यांचा उल्लेख प्रथम करावा. नंतर चुकीचे शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावे, आणि त्यांच्याऐवजीं कोणते शब्द वाचावे तें स्पष्ट लिहावें. चूक कशी झाली याचें कारण एकदोन वाक्यांत द्यावें. शेवटीं, मूळ दस्तांतील बाकीचा सर्व मजकूर कायम आहे, असें नमूद करावें. मूळ दस्तावर ज्यांनीं ज्यांनीं सह्या केल्या, त्या सर्वांच्या सह्या यावरहि पाहिजेत. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत तें नोंदणीसाठीं हजर करावें. मिळकत बँकेकडे गहाण असेल, तर बँकेस आधीं कळवावें. पुष्कळांस वाटतें, कीं नोटरीपुढें केलेल्या प्रतिज्ञापत्रानें हें सारें भागेल. नांवांतील एखाद्या अक्षराच्या फरकापुरतें बँक तें कधीं कधीं मान्य करते. परंतु मिळकतीचें वर्णन बदलावयाचें असेल, तर नोंदलेल्या दस्तावांचून गत्यंतर नाहीं.

क्षेत्राच्या चुकांविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण आपल्या इकडे अनेक मापें एकत्र नांदतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात् सुमारें १,०७६ चौरस फूट. बोलण्यांत दोन्ही एकच समजतात. चाळीस गुंठ्यांचा एकर चाळीस आर म्हणून लिहिला, कीं सुमारें पांचशें चौरस फूट जमीन कागदावरून नाहींशी होते. शहरांतील गोष्ट याहून मौजेची. ६५ चौरस मीटरचें घर म्हणजे सुमारें ७०० चौरस फुटांचें. लेखनिकानें मीटरच्या जागीं फूट लिहिलें, तर कागदोपत्रीं सारें बिऱ्हाड न्हाणीघराएवढें उरतें! मात्र चतुःसीमा स्पष्ट व बरोबर असून केवळ क्षेत्राचा आंकडा जुळत नसेल, तर न्यायालयें बहुधा चतुःसीमांस अधिक मान देतात. म्हणून दस्तांत पूर्वेस काय, पश्चिमेस काय, हें लिहिण्याचा कंटाळा करूं नये.

येथें एक मर्यादा सांगतों. चूकदुरुस्तीपत्रानें लेख सुधारावयाचा असतो, सौदा नव्हे. गट नंबर ४५ च्या जागीं ५४ पडला असेल, तर ती लेखनाची चूक होय. परंतु दहा गुंठे विकल्यावर "दुरुस्ती" म्हणून बारा गुंठे लिहिणें, किंवा खरेदीदारांत नवें नांव घालणें, हा नवा व्यवहार झाला. खऱ्या दुरुस्तीस मुद्रांकशुल्क नाममात्र लागतें. नव्या व्यवहारास पुरें द्यावें लागतें. दुरुस्तीच्या नांवाखालीं शुल्क चुकविण्याचा यत्न शेवटीं दंडासह अंगावर येतो.

समोरचा पक्ष सही देण्यास नाकबूल झाला तर? मग विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३, याच्या २६ व्या कलमाखालीं दिवाणी दावा लावावा लागतो. तेथें दोहोंपैकीं एक गोष्ट शाबीत करावी लागते: एक तर लबाडी झाली, किंवा उभयपक्षीं समज एक असतां लिहिलें भलतेंच गेलें. एकट्या आपल्याच मनांतील गैरसमज पुरत नाहीं. दुरुस्तीची मागणीहि दाव्यांत स्पष्ट केलेली असावी लागते. दरम्यान कोणा त्रयस्थानें प्रामाणिकपणें मोबदला देऊन हक्क मिळविला असेल, तर त्यास न्यायालय धक्का लावीत नाहीं. दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. चुकीमुळें लावलेल्या दाव्यांत ती चूक कळल्यापासून, किंवा योग्य दक्षता घेतली असतां जेव्हां कळली असती तेव्हांपासून, मोजली जाते. दस्त वाचलाच नव्हता, ही सबब तेव्हां कितपत टिकेल, याचा ज्यानें त्यानें विचार करावा. विकणारा वारला असेल, तर त्याच्या सर्व वारसांच्या सह्या मिळवाव्या लागतात; परगांवच्या वारसास रीतसर मुखत्यारपत्र करून देतां येतें. पण एका वारसानें अडवणूक केली, तरी काम अडतें.

हें सर्व टाळण्याचा उपाय फारसा कठीण नाहीं. सहीपूर्वीं मसुदा हातांत घेऊन एकानें मोठ्यानें वाचावा व दुसऱ्यानें जुना दस्त, सातबारा किंवा मालमत्तापत्रक समोर ठेवून आंकडा आंकडा ताडून पाहावा. घरांतील शाळकरी मुलासहि हें काम सांगतां येईल. नोंदणीच्या वेळीं छापून येणारा गोषवारा वाचल्यावांचून त्यावर सही करूं नये. दस्त घरीं आला, कीं आठवड्याच्या आंत सूची क्रमांक दोनची प्रत पुन्हा तपासावी. दुरुस्ती झालीच, तर दोन्ही दस्त एकत्र बांधून ठेवावे आणि दुरुस्तीची प्रत बँक, गृहनिर्माण संस्था व महसूल दप्तर यांस पोंचती करावी.

श्रोतेहो, आपल्यापैकीं ज्यांचीं खरेदीखतें पुष्कळ वर्षें उघडलीं गेलीं नाहींत, त्यांनीं येत्या रविवारीं तीं बाहेर काढावीं, चष्मा लावून सावकाश वाचावीं, आणि कोठें चूक आढळलीच, तर विकणाऱ्याचा पत्ता त्याच दिवशीं शोधण्यास लागावें.