खालची कवळी आणि दोन इम्प्लांट
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)

गणपतीच्या जेवणाला ‘मला फक्त वरणभात’ म्हणणारे आपल्यात किती तरी आहेत. वरची कवळी टाळूला चिकटून राहते हो. खालचीला तसा आधार नाही. दात गेले की हाड झिजत जातं, त्यात जीभ तिला सारखी ढकलते. शेवटी ती डबीतच राहते.

इम्प्लांट म्हटलं की लाखांचा आकडा ऐकून माणूस घरी परततो. पण सगळे दात स्क्रूवर बसवायलाच हवेत असं नाही. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी बसणारी कवळी, हा पहिला पर्याय धरावा. टायटॅनियमशी हाड जुळायला साधारण तीन महिने लागतात. जुनी कवळी चांगली असेल तर कधी कधी तीच चालते.

खर्चाचा अंदाज मात्र लेखी घ्या. इम्प्लांट, बटणं, कवळी, एक्स-रे सगळं धरलंय का बघा. आतल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात, बदलाव्या लागतात. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत हा ‘रिकरिंग’ खर्च! मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणा, तंबाखू सोडा. दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही चौकशी करा. तिथे खर्च बहुधा कमी येतो, फेऱ्या मात्र जास्त.