नव्या ट्रॉलीबरोबर घ्यावयाचे साहित्य

(गळीत हंगामाच्या तोंडावर पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्यासमोर करावयाच्या भाषणाचा मजकूर)



औसा तालुक्यात ट्रॅक्टरची ट्रॉली हे आता केवळ शेतीचे अवजार राहिलेले नाही. सुगीत ती सोयाबीन आणि तूर घेऊन लातूरच्या बाजारपेठेत जाते. दिवाळीच्या सुमारास उसाच्या फेऱ्या सुरू होतात. तालुक्यातच बेलकुंड येथे संत शिरोमणी मारुती महाराज सहकारी साखर कारखाना आहे आणि शेजारच्या तालुक्यांतही कारखाने आहेत. वारीच्या दिवसांत तीच ट्रॉली दिंडीचे सामान वाहते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील ऊसतोड कुटुंबांच्या बाबतीत तर सहा महिन्यांचा संसार तिच्यावर लादला जातो आणि तो पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाऊन उतरतो. शेतापासून खळ्यापर्यंत जाण्यासाठी बनविलेले हे वाहन अशा रीतीने शेकडो किलोमीटरच्या प्रवासाचे वाहन झाले आहे. मात्र ते विकत घेताना विचार होतो तो बहुधा शेत ते खळे एवढ्याच अंतराचा.

ट्रॉली घेणारा शेतकरी पत्रा किती जाड, आस किती मजबूत, टायर नवे की जुने हे बारकाईने पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु व्यवहार तेथेच संपतो. नारळ फुटतो, हार घातला जातो आणि ट्रॉली रस्त्यावर येते. मागील दिवा, परावर्तक, पिनेची कडी, साखळी, जॅक, चाकाखाली घालावयाचे ठोकळे या वस्तू "पुढे बघू" या सदरात जातात. ट्रॉलीच्या किमतीच्या मानाने या साऱ्या साहित्याचा खर्च किरकोळ असतो. अडचण पैशाची नाही. ही वस्तू ट्रॉलीचाच भाग आहे असे कोणास वाटत नाही, ही खरी अडचण आहे.

प्रथम अंधाराचा विचार करावयास हवा. तुळजापूरहून औसा, लातूर, नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ आता रुंद झाला आहे आणि त्यावरील मोटारींचा वेग वाढला आहे. भरलेली ट्रॉली ताशी २० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि मागून येणारी मोटार ताशी ८० च्या वेगाने येत आहे असे समजू. दोहोंमधील अंतर ताशी ६० किलोमीटरच्या गतीने, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १७ मीटर कमी होत जाते. समोरून येणाऱ्या वाहनासाठी प्रकाशझोत खाली घेतलेला असेल आणि बिनदिव्याची ट्रॉली ५० मीटरवर दिसली, तर मोटारचालकाच्या हाती अवघे ३ सेकंद उरतात. तेवढ्या वेळात समोरची काळी आकृती म्हणजे काय हे ओळखावयाचे, ती उभी आहे की चालते आहे हे ठरवावयाचे आणि ब्रेक लावावयाचा. तीच ट्रॉली लाल परावर्तकामुळे २०० मीटरवरून चमकली, तर १२ सेकंद मिळतात. तीन आणि बारा यांतील हे अंतर एका चिकटपट्टीने पडते.

या पट्ट्यांचे रंग ठरलेले आहेत: पुढे पांढरा, बाजूंना पिवळा आणि मागे लाल. रंग उलटसुलट लावले तर वाहन येते आहे की जाते आहे याविषयी चालकाची फसगत होते. म्हणून दुकानात जो तुकडा शिल्लक असेल तो लावून काम भागविणे बरे नव्हे. दरवर्षी हंगामाच्या आरंभी परिवहन विभाग, पोलीस आणि कारखाने यांच्यामार्फत परावर्तक बसविण्याच्या मोहिमा होतात. त्या स्वागतार्ह आहेत. पण चिखलाने आणि पाचटीच्या घर्षणाने पट्टी महिन्याभरात निस्तेज होते, याचा विसर पडतो. ती ओल्या फडक्याने पुसण्याचे काम रोजचे आहे. शिवाय उसाच्या मोळ्या मागे फाळक्याबाहेर लोंबू लागल्या की दिवा आणि पट्टी दोन्ही झाकली जातात. यासाठी परावर्तक शिवलेले एक जाड कापड घ्यावे व भार भरून झाल्यावर ते मागच्या मोळ्यांवर बांधावे. नव्या ट्रॉलीबरोबर घ्यावयाच्या वस्तूंत या कापडाचा क्रमांक बराच वरचा आहे.

अमेरिकेतही हा प्रश्न होता. तेथील ओहायो राज्य विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या आरंभी संथ वाहनांसाठी एक त्रिकोणी चिन्ह तयार करण्यात आले. दिवसा उठून दिसावा म्हणून मध्यभागी भडक नारिंगी रंग, आणि रात्री दिसावी म्हणून भोवती परावर्तक लाल किनार. पुढे अनेक देशांनी ते स्वीकारले. आपल्याकडे दिवसाच्या अपघाताचा विचार कमी होतो. परंतु रुंद रस्त्यावर भर दुपारीसुद्धा दूरच्या वाहनाची संथ गती डोळ्यांस कळत नाही.

मागील दिव्यासाठी ट्रॅक्टरला विजेचे जोडणीछिद्र असते आणि तेथून ट्रॉलीपर्यंत तार न्यावी लागते. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर तार दुसरीपर्यंत जावयास हवी, कारण मागून येणाऱ्यास दिसते ती दुसरीच. ही तार वळणावर ताणली जाऊन तुटते. ती नळीत घालून दांडीला बांधावी आणि शिवाय बॅटरीवर चालणारा एक लाल दिवा जवळ ठेवावा.

रात्री टायर फुटला की काय केले जाते हे सर्वांस ठाऊक आहे. भोवती दगड मांडले जातात, झाडाच्या फांद्या ठेवल्या जातात. टायर बदलून ट्रॉली निघून जाते आणि दगड मात्र तेथेच राहतात. पुढच्या मोटारसायकलस्वाराची गाठ त्यांच्याशी पडते. घडीचा परावर्तक त्रिकोण विकत घेतला तर दगडांची आवश्यकता नाही. तो ट्रॉलीला टेकवून ठेवू नये. मागे लांबवर, वळण असल्यास वळणाच्याही अलीकडे ठेवावा.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी पिन हा एक विषय स्वतंत्रपणे बोलण्यासारखा आहे. मूळ पिन हरवली की बांधकामाच्या सळईचा तुकडा तिच्या जागी येतो. तो झिजतो, वाकतो आणि खड्ड्यात हिसका बसताच वर उसळून निघतो. योग्य मापाची पिन, ती वर येऊ नये म्हणून खाली अडकवावयाची कडी, तशाच एका जोडीची शिल्लक आणि पिन निसटली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून दांडीपासून ट्रॅक्टरच्या चेसीपर्यंत भक्कम साखळी, एवढे साहित्य पहिल्या फेरीपूर्वीच असावे. जोडणी नेहमी ट्रॅक्टरच्या मागील खालच्या हुकाला करावी. उंचावर जोडून भार ओढला तर पुढील चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो; अशा वेळी चालकास उडी मारण्यापुरताही अवधी मिळत नाही. दोन चाकी ट्रॉलीत भार कसा पसरला आहे यालाही महत्त्व आहे. तो फार पुढे असेल तर हुकावर अतोनात दाब येतो. फार मागे असेल तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते.

ब्रेकसंबंधी एक साधी गोष्ट पुष्कळ चालक विसरतात. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकासाठी वेगळी पेडले असतात, कारण शेतात एकाच चाकाला ब्रेक लावून वळावे लागते. रस्त्यावर ती कडीने एकत्र जोडली पाहिजेत. मध्यम शक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन सुमारे २ टन असते आणि मागील भार त्याच्या कितीतरी पट. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर सारा भार ट्रॅक्टरला ढकलू लागतो, आणि एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॉली आडवी होऊन ट्रॅक्टरला फिरविते. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकणे हा यावरचा इलाज आहे. नवी ट्रॉली घेताना ब्रेकसह मिळत असेल तर चार पैसे अधिक देऊन तीच घ्यावी.

भाराला पेलेल असा जॅक, त्याखाली घालण्यास रुंद फळी, चाकाच्या मापाचा पाना, हवा भरलेले जादा चाक, ग्रीसची पिचकारी, दोन जाड दोर, ताडपत्री आणि दोन लाकडी ठोकळे यांविषयी अधिक सांगणे नको. फळीविषयी एवढेच की काळ्या मातीत फळीवाचून जॅक उभा केला तर ट्रॉली वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. ज्या ट्रॉलीचा सांगाडा तेलाच्या दाबाने उचलला जातो तिच्यासाठी लोखंडी टेकू अवश्य घ्यावा. नळी फुटली की वर उचललेला सांगाडा क्षणात खाली येतो. टेकू लावल्यावाचून त्याखाली कोणी जाऊ नये.

आता माणसांकडे वळू. ट्रॉलीतून माणसांची वाहतूक करण्यास कायद्याने मुभा नाही. तशा प्रवासात अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळण्यातही मोठी अडचण येते. ट्रॉली हे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वाहन असून मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली तिची नोंदणी आवश्यक आहे, आणि विमापत्रातही तिचा उल्लेख हवा. हे सर्व खरे असूनही हंगामाच्या आरंभी भांडी, सरपण, शेळी आणि त्यावर बसलेली मुले असे दृश्य दिसते. दोष त्या कुटुंबांना देणे सोपे आहे. मुकादमाकडून उचल घेतलेल्या कोयत्याला प्रवासाचे वाहन निवडण्याचे स्वातंत्र्य कितपत असते? सामान ट्रॉलीने आणि माणसे एसटीने, ही व्यवस्था टोळी नेणाऱ्याने व कारखान्याने करावयाची आहे. करार होताना गावातील जाणत्या मंडळींनी हा मुद्दा काढला तर तो करारात येऊ शकतो. टोळी निघाल्यावर बोलून उपयोग नाही.

या कुटुंबांच्या सामानात काही वस्तू गावानेच पाहून द्याव्यात. पिण्याच्या पाण्याची झाकणाची टाकी, जलसंजीवनीची पाकिटे, मलमपट्टीची पेटी आणि सौर दिवा. पाचटीच्या कोपीत चिमणी लवंडली की काही मिनिटांत राख होते, शिवाय फडात पहाटे विंचू-सापाची भीती असते. म्हणून सौर दिव्याला येथे चैनीची वस्तू समजू नये. आणखी एक पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घ्यावयाची: शिधापत्रिका, आधारपत्र, बाळाचे लसीकरण कार्ड, ग्रामपंचायत अधिकाऱ्याने दिलेले ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र आणि मुलांचे शिक्षण हमी पत्रक. शिधापत्रिकेवरील धान्य आता अन्य ठिकाणच्या दुकानातूनही घेता येते. पण ते ठाऊक नसल्याने कित्येक कार्डे गावी पेटीतच राहतात. हमी पत्रक भरून देणे हे शिक्षकांचे काम आहे आणि ते टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, पंधरा दिवस आधी व्हावयास हवे. मूल आजीजवळ राहण्यासारखे असेल तर हंगामी वसतिगृहाची माहिती द्यावी, म्हणजे त्याला ट्रॉलीवर चढण्याची वेळच येणार नाही.

दिंडीच्या ट्रॉलीची गोष्ट थोडी निराळी. औसे हे नाथ संस्थानाच्या चक्रीभजनाने वारकऱ्यांत परिचित असलेले गाव. पंढरीची वाट येथील माणसांना नवी नाही. दिंडीत माणसे पायी आणि सामान ट्रॉलीत, ही वाटणी उत्तम आहे. ती दमलेल्या वृद्धांपायी मोडते. त्यांच्यासाठी एखादी जीप ठरवावी. ट्रॉलीवर पताका आणि कापडी फलक बांधताना मागचा दिवा झाकला जातो, तो मोकळा ठेवावा. चालत्या ट्रॉलीत शेगडी पेटवू नये आणि गॅसची टाकी उभी, दोराने बांधलेली असावी. पहाटे निघणाऱ्या दिंडीत सर्वांत मागे चालणाऱ्या दोघांच्या अंगात परावर्तक जाकिटे असावीत. विणेकऱ्याच्या हाती वीणा असते तशी या दोघांच्या हाती बॅटरी असावी.

ग्रामपंचायतींकडेही कचऱ्याच्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर असतात. वर सांगितलेले बहुतेक सर्व त्यांनाही लागू आहे. टँकरबाबत एक अधिक: अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी वळणावर हिंदकळते आणि टँकरला एका बाजूस ओढते. टाकीच्या आत आडव्या पत्र्यांचे कप्पे आहेत की नाहीत हे खरेदी समितीने झाकण उघडून स्वतः पाहावे.

खंडेनवमीला अवजारांची पूजा होते आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत उसाच्या फेऱ्या सुरू होतात. त्या दिवशी गावातील सर्व ट्रॉल्या एका जागी धुतलेल्या उभ्या असतात. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि एखादा जाणता चालक यांनी सायंकाळी अंधार पडल्यावर मागून बॅटरीचा झोत टाकून पाहिले, तर कोणती ट्रॉली दिसते आणि कोणती दिसत नाही हे अर्ध्या तासात कळेल. ज्या दिसणार नाहीत त्यांच्या मालकांची नावे वहीत लिहावीत आणि दुसऱ्याच दिवशी लाल पट्टीची गुंडाळी घेऊन त्यांच्याकडे जावे.